कापशीच्या पायातली कडी

वेशीच्या दारातून चार घोडेस्वार एका रांगेत जातील, एवढं मोठं दार असलेलं एक गाव होतं. गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण तिथल्या घोडीवालीला लोक विसरलेले नाहीत. तिची घोडी पांढरीशुभ्र होती. बोंडातून नुकत्याच काढलेल्या कापसासारखा रंग, म्हणून तिचं नाव कापशी. आसपासच्या दहा गावांत कुठंही लग्न असलं की नवरदेव मिरवायचा तो कापशीवरूनच.

घोडीवाली तोंडाची फटकळ. नवरदेव अंगानं जरा भारी असला की ती वरबापाला सरळ सांगायची, "पाटील, पोराला दोन दिवस ताकावर ठेवा, मग घोडी आणते." वाजंत्रीवाले तिला टरकून असत. पण एक खोड होती तिच्यात. हसू नका, तुमच्या-आमच्यातही असते ती. दुसऱ्याला सुनावताना तिची जीभ कधी अडली नाही, पण स्वतःच्या हक्काचं मागायची वेळ आली की ती म्हणायची, "राहू दे की, घाई काय आहे?"

एका उन्हाळ्यात तिच्या तबेल्याला आग लागली. कापशी दावं तोडून बाहेर पडली, म्हणून वाचली. बाकी छप्पर, खोगीर, जरीची झूल, कपाळावरचा मोत्यांचा तुरा, सगळ्याची राख झाली. लग्नसराई महिन्यावर आलेली. उघड्या पाठीच्या घोडीवर कोण आपला मुलगा मिरवणार?

घोडीवाली गावातल्या म्हाताऱ्या शेठच्या पेढीवर गेली.

"शेठजी, पन्नास रुपये हवेत."

"तारण काय ठेवतेस?"

"माझ्याकडे कापशीशिवाय आहे काय?" असं म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण घोडी तुमच्या दाराशी बांधली, तर मी कमवू कशावर? आणि कमावलं नाही, तर फेडू कशातून?"

शेठ हसला. त्याच्या तोंडात दात दोनच होते, ते दोन्ही दिसले. "वेडी आहेस. सोनं गहाण ठेवलं, तर ते माझ्या तिजोरीत येतं, कारण सोनं काही काम करत नाही. पण जी वस्तू चालते, फिरते, मालकाचं पोट भरते, ती या गावात मालकाच्याच दारी राहते. तिला फक्त माझी कडी पडते."

मग त्यानं त्या गावाची रीत तिला नीट समजावून सांगितली. घोडीच्या पुढच्या पायात तांब्याची कडी घालायची आणि तिची टोकं ठोकून बंद करायची, म्हणजे ती खुरावरून निघणार नाही. मग बाजारात दवंडी पिटायची की ही घोडी अमक्याकडे गहाण आहे. म्हणजे कुणी न कळता विकत घेऊन फसायला नको. कडी आहे तोवर घोडीनं काम करावं, नवरदेव मिरवावेत, पण शेठला विचारल्याशिवाय तिला विकायचं नाही आणि कायमची वेशीबाहेर न्यायची नाही.

"मग कडी असेपर्यंत घोडी कुणाची?" घोडीवालीनं विचारलं.

"तुझीच. पण माझ्या नजरेतली."

"आणि मला फेडता नाही आलं तर?"

"तर मी तिला नेणार. पण माझ्या गोठ्यात नाही. भर बाजारात, सगळ्यांच्या समोर विकणार. माझे राहिले असतील तेवढेच घेणार आणि वरचा पै-पैसा तुझ्या ओटीत टाकणार. जास्तीचा एक पैसा ठेवला, तर गाव माझ्या पेढीवर थुंकेल."

"आणि देव न करो, घोडी मेली तर?"

"तर कडी सुटेल. कर्ज सुटणार नाही," शेठ म्हणाला. "आणि सगळं फेडलंस, तर माझ्या हातानं, भर बाजारात कडी कापीन. परत दवंडी होईल. ती होईपर्यंत गावाच्या लेखी घोडी गहाणच. घालतानाच्या दवंडीचे पैसे माझे, सोडवतानाच्या दवंडीचे चार आणे तुझे."

ठरलं. पन्नासचे व्याजासकट साठ, पाच-पाच रुपयांचे बारा हप्ते. सोमवारच्या बाजारात कापशीच्या पायात कडी पडली. दवंडीवाल्या तात्यानं हलगी वाजवून गावाला ओरडून सांगितलं. घोडीवालीनं मान खाली घातली, पण लोक नेहमीसारखेच वांगी निवडत राहिले. त्या गावात अर्ध्या घरांतल्या कशाला ना कशाला कडी होती.

शेठ हप्त्याची नोंद वहीत करत नसे. त्याचीही एक जुनी रीत होती. घोडीवाली पाच रुपये घेऊन आली की तो कानस घेऊन कापशीच्या पायाशी उकिडवा बसायचा आणि कडीच्या मागच्या बाजूला एक खाच पाडायचा. खर्र, खर्र. "वही माझ्या घरात असते," तो म्हणायचा, "कडी तुझ्या. नोंद दोघांना दिसली पाहिजे." अकरा हप्त्यांच्या अकरा खाचा. बारावी खाच पाडायची नसते. बाराव्याला कडीच कापायची.

दोन लग्नसराया गेल्या. एक गंमत मात्र झाली होती. नव्या झुलीखाली, पांढऱ्या पायात ती तांब्याची कडी फारच खुलून दिसायची. वरातीतल्या बायका म्हणायच्या, "अगं बाई, घोडीलासुद्धा तोडा!" घोडीवालीला आधी लाज वाटायची. मग वाटेनाशी झाली. मग तर ती दर वरातीआधी चिंच लावून कडी पुढून घासू लागली. मागून कोण बघतंय? मागच्या बाजूला चिखल नि लीद साचत राहिली.

बारावा हप्ता घेऊन ती पेढीवर गेली, तेव्हा शेठचे गुडघे सुजलेले होते. तरी त्यानं काठी घेतली.

"चल बाजारात. छिन्नी घेतो. तात्याला हाक मार."

घोडीवालीनं कापशीच्या पायाकडे पाहिलं. दोन दिवसांवर पाटलांच्या घरचं मोठं लग्न आलं होतं. त्यात चार आणे तात्याला द्यायचे, म्हणजे कापशीच्या हरभऱ्याची एक पायली कमी.

"राहू द्या की शेठजी. तुमचे गुडघे बघा आधी. कडी काय खायला मागते?"

"कडी खायला मागत नाही, पण बोलते. लोकांना सांगते की तू देणेकरी आहेस."

"तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. झालं की!"

"बघ बाई," शेठ म्हणाला. "घालायला मी आलो होतो. सोडवून घ्यायला तू यायचंस. मी कुणाला आवतण देत फिरत नाही."

"येईन हो पाडव्याला."

वाटेत तात्या भेटला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "काय अक्का, फेडलंस म्हणे? हलगी तापवू का?"

"तुझा डोळा माझ्या चार आण्यांवर!"

"आहेच. माझं पोट त्याच्यावर आहे. पण मी वाजवल्याशिवाय या गावात काही सुटत नाही, एवढं लक्षात ठेव."

"जा रे, मोठा आला गाव सोडवणारा!"

पाडवा आला नि गेला. दुसरा पाडवाही गेला. शेठ एकदा रस्त्यात दिसला, तेव्हा त्यानं काठीनं कापशीच्या पायाकडे खूण केली. घोडीवाली हसून म्हणाली, "येते, येते." मग पावसाळ्यात एक दिवस शेठ अंथरुणाला खिळला आणि आठवड्यात गेला.

पेढीवर त्याचा पुतण्या येऊन बसला. तो लांबच्या शहरात वाढलेला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही उगाच त्याला शिव्या द्याल. त्यानं काकाची वही उघडली आणि ओळीनं वाचत गेला. वहीत होतं: घोडी एक, पांढरी. कडी एक, तांब्याची. रुपये पन्नास, फेड साठ. पुढं फिटल्याची रेघ मारलेली नव्हती. तो उठला आणि घोडीवालीच्या दारात आला. बघतो तर पायात कडी.

"बाई, काकांचे साठ रुपये तुमच्याकडे राहिले आहेत."

घोडीवालीच्या हातातला घोडी घासायचा खरारा खाली पडला. "काय बोलता, धाकटे शेठ! पै न् पै फेडली आहे मी. तुमचे काका होते तेव्हाच."

"मग कडी का आहे?"

सगळ्या गावाला बोलून गप्प करणारी बाई, पण या चार शब्दांपुढं ती नुसती वाकून खाली पडलेला खरारा उचलू लागली.

"मी नवीन आहे," पुतण्या म्हणाला. "तुम्ही खोटं बोलताय, असं मी म्हणत नाही. पण वही एक सांगते, कडीही तेच सांगते, आणि तात्याला विचारलं तर तो म्हणतो, सुटल्याची दवंडी त्यानं कधी पिटली नाही. तिघांपुढं तुमचा एकटीचा शब्द. सोमवारपर्यंत साठ रुपये आणा. नाहीतर रीतीप्रमाणे घोडी बाजारात उभी करावी लागेल."

साठ रुपये! घोडीवालीकडे त्या वेळी सगळे मिळून सात होते. कापशी गेली, तर तिच्याजवळ एक झूल, एक तुरा आणि रिकामा तबेला उरणार होता. झूल काय स्वतःच्या पाठीवर घालून नवरदेव मिरवणार?

रविवारी दुपारी ती कापशीला घेऊन लोहाराकडे गेली. निमित्त नालेचं. लोहार तरणाताठा, तिला मावशी म्हणायचा. सगळं ऐकून त्याला संतापच आला.

"मावशी, तू पैसे दिलेस ना?"

"दिले रे बाबा. कापशीची शपथ."

"मग रडतेस कशाला? कडी तुझ्या घोडीच्या पायात, घोडी तुझ्या दारात. धर पाय. एका घावात तोडतो आणि भट्टीत टाकतो. तांब्याचं पाणी होईल. उद्या तो धाकटा आला की म्हणावं, शेठजींनीच कापली होती. मेलेला माणूस काय साक्ष द्यायला येतोय?"

त्यानं कापशीचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि छिन्नी लावली. घोडीवाली बघत राहिली. लोहाराचं बोलणं चुकत होतं कुठं? पैसे तिनं दिले होते. घोडी तिची होती. खोटं बोलायचं, तेही खरं मिळवण्यासाठी. घाव घातला की सुटली.

तेवढ्यात भाता फुसफुसला आणि तिची नजर तिकडं गेली. भात्याच्या दांड्यावर तांब्याची कडी चमकत होती.

"थांब," ती म्हणाली. "तुझ्या भात्याला कडी?"

"आहे ना. बहिणीच्या लग्नाला धाकट्या शेठकडून पैसे काढले होते. दिवाळीपर्यंत फिटतील."

"आणि भाता तुझ्याच घरी."

"मग? भाता पेढीवर नेला, तर मी फुंकणीनं लोखंड तापवू?"

घोडीवालीनं त्याचा हातोडा धरला. "ठेव ती छिन्नी खाली."

"अगं पण..."

"अरे, डोकं आहे की ऐरण? पेढीवरच्या त्या पोरानं तुझा भाता तुझ्याकडे का ठेवलाय? कारण या गावात कडी कुणी लपून तोडत नाही, म्हणून. आज माझी भट्टीत गेली, की उद्या तो पहाटे येईल आणि तुझा भाता उचलून पेढीत बंद करील. कोष्ट्याचा माग नेईल. गाडीवानाची बैलगाडी नेईल. आणि बरोबर करील! चूक माझी. सोडवून घ्यायला मी गेले नाही. माझ्या चुकीपायी गावाचे हात बांधू?"

लोहारानं छिन्नी आणि घोडीचा पाय, दोन्ही खाली सोडले. तो म्हणाला, "मग उद्या घोडी जाईल, मावशी."

"जाईल तर जाईल. रडेन मी. पण चोरून नाही सोडवणार." आणि ती खरंच रडली, तोंडानं त्याला "बघतोस काय, नाल ठोक" म्हणत म्हणत.

लोहारानं नाल ठोकण्यासाठी पाय पुन्हा उचलला. चिखल पुसताना त्याचा अंगठा कडीच्या मागं फिरला आणि थबकला. "मावशी, हे काय आहे? करवतीसारखं लागतंय."

घोडीवाली वाकली. तिनं लुगड्याच्या पदरानं दोन वर्षांची लीद खरवडून काढली. खाली एकाशेजारी एक खाचा. म्हाताऱ्याच्या कानशीचा तो खर्र-खर्र आवाज तिच्या कानात पुन्हा आला, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. पुढून घासत बसली होती ती. सगळं लिहिलेलं होतं मागं.

लोहारानं छिन्नी पायानं लांब सरकवली. "आणि मी हे वितळवायला निघालो होतो!"

सोमवारी बाजार भरला. पुतण्या आला. घोडीवाली कापशीला घेऊन मध्यभागी उभी राहिली आणि तिनं स्वतःच घोडीचा पाय उचलून धरला.

"धाकटे शेठ, तुम्ही वही वाचलीत. आता ही वाचा."

पुतण्याला खाचांची रीत ठाऊक नव्हती. तात्या पुढं झाला. गावातल्या सगळ्या कड्या त्यानं पाहिल्या होत्या. "एका हप्त्याला एक खाच," तो म्हणाला, "थोरल्या शेठजींच्या हातची." मग त्यानं हलगीवर एकेक टिपरी मारत मोठ्यानं मोजल्या. एक, दोन, तीन... लोक पण मोजायला लागले. दहा. अकरा. टिपरी थांबली.

"अकराच," पुतण्या म्हणाला.

"बारावी पाडतच नाहीत. बाराव्याला कडी कापतात."

"मग कापलेली का नाही, बाई?"

सगळा बाजार तिच्याकडे बघत होता. ती काहीही सांगू शकली असती. शेठच्या गुडघ्यांवर ढकलू शकली असती. पण ती ताठ उभी राहून म्हणाली, "कारण ती घोडीला शोभून दिसायची. आणि कारण मला तात्याचे चार आणे वाचवायचे होते. मागायला गेले नाही, हा माझा मूर्खपणा. कुणाला हसायचं असेल त्यानं आत्ता हसून घ्या."

लोक हसले. पोट धरून हसले. पुतण्याही हसला, पण मग त्यानं हात जोडले. "अकरा खाचांचे पंचावन्न रुपये मला मान्य आहेत. ते मागितले, ही माझी चूक. बाराव्याचा पुरावा मात्र तुमच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही."

"नाही," घोडीवाली म्हणाली. "तो पुरावा म्हणजे कडी कापणं, आणि ते मीच होऊ दिलं नाही. देते पाच रुपये. दुसऱ्यांदा देते." तिनं कनवटीचे सातातले पाच काढले. पुतण्यानं हात पुढं केला, तशी तिनं मूठ मिटली. "हां हां! आधी कडी."

पुतण्यानं लोहाराकडून छिन्नी घेतली आणि काका बसायचे तसाच कापशीच्या पायाशी उकिडवा बसला. तीन घाव लागले. कडी मातीत पडली. तेव्हा कुठं मूठ उघडली. पैसे दिल्यावर तिनं लगेच चार आणे काढून तात्याच्या हातावर ठेवले.

"बघतोस काय? वाजव! वेशीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

कापशी मोकळ्या पायानं घरी चालली. पाय जरा बोडका दिसत होता खरा. पण घोडीवालीला तो फार सुंदर वाटला.

गोष्ट इथं संपली असती. पण महिन्याभरानं पुतण्या काकाची बैठक साफ करत होता, तेव्हा गादीखाली एक पुरचुंडी सापडली. तिला कापशीच्या शेपटीचे चार पांढरे केस गुंडाळलेले होते. आत पाच रुपये आणि वर चार आणे.

पुतण्या त्याकडे बघतच राहिला. कडी कापेपर्यंत बारावा हप्ता आपला मानायचा नाही, म्हणून म्हाताऱ्यानं तो गल्ल्यात टाकलाच नव्हता. वरचे चार आणे त्यानं पदरचे घातले होते, दवंडीसाठी. ती यायची वाट बघत दोन वर्षं बसला होता. तिनं नुसतं येऊन मागायचं होतं.

पुतण्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. पुरचुंडी गल्ल्यात रिकामी केली असती, तर कुणाला कळलंही नसतं. पण तो तसाच चपला घालून घोडीवालीच्या दारात गेला आणि सगळं सांगून पैसे पुढं केले.

घोडीवालीनं पुरचुंडी पाहिली, ते केस पाहिले. डोळे पुसले. मग हात मागं घेतला.

"इथं नको."

"का हो? तुमचेच आहेत."

"माहीत आहे माझे आहेत. दोन वर्षांपूर्वीही माहीतच होतं," ती म्हणाली. "सोमवारी. भर बाजारात. ते चार आणे तात्याला द्या, आणि मग बोला."

सोमवारी हलगी वाजली. पेढीचं घोडीवालीकडं काही नाही, घोडीवालीचं पेढीकडं काही नाही, असं तात्यानं इतक्या जोरात सांगितलं की वेशीवरची कबुतरं उडाली. आणि दिवाळीच्या आदल्या सोमवारी लोहार शेवटचा हप्ता घेऊन पेढीकडं निघाला, तेव्हा भाता त्याच्या खांद्यावर होता, आणि हलगी तापवून ठेवलेला तात्या आधीपासूनच त्याच्यापुढं चालत होता.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: देणं ज्या दिवशी फिटतं, त्याच दिवशी ते फिटल्याची खूण चारचौघांत, हक्कानं मागून घ्यावी. जो मागायला लाजतो, तो तेच देणं दुसऱ्यांदा देतो.